धाकटीची शाळा

“मोठीले काय ईचारस भाऊ? ती ते पाहुनी शे.”

फुई हे हळू आवाजात म्हणाली, पण आमची ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती पत्र्याची आडभिंत होती. ती मोठी म्हणजे मी; पलीकडे ताटं पुसत होते. हातातलं ताट मी दुसऱ्या ताटावर ठेवलं नाही. आवाज झाला असता. तसंच धरून उभी राहिले.

फुई म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, मोठी बहीण. त्या दिवशी ती सकाळच्या एस.टी.ने रनाळ्याहून आली होती, काखेत ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन. कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, नवी म्हैस घेणं असं काही असलं की आमच्याकडून तिला निरोप जायचा. या वेळी निरोप गेला होता तो माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेसाठी. ती चौथी पास होणार होती, आणि पाचवीला तिला कुठे घालायचं याचा खल महिनाभर चालला होता.

“पाहुनी कशी?” नाना म्हणाले. “ती ईंग्रजी शिकेल शे. कोनती शाळा चांगली ते तिलेच समजी.”

“माले ईचारा ना,” धाकटी मध्येच बोलली. “शाळामा मी जासू. फुई थोडीच जाई?”

“तू जाशी व माय. पन तुन्हं दप्तर मीच शिवसू. मंग मालेबी बोलू दे.”

तिघंही हसले. माय चुलीपाशी होती, माझ्यापासून दोन हातांवर, तीही हसली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तिने हसू आवरलं, परक्या माणसासमोर आवरतात तसं.

फुईचा शब्द मला लागला नाही असं नाही. पण तो खरा होता, म्हणून त्याचं फार वाटलं नाही. मला लागलं ते दुसरंच. दहा वर्षांची मुलगी सगळ्यांच्या मध्ये बसून “माले ईचारा” म्हणते, आणि घरातले लोक तिला खरोखरच विचारतात.

मी सहा वर्षांची असताना मला नंदुरबारहून भुसावळला मामांकडे धाडलं. मामा रेल्वेत होते, त्यांना मूल नव्हतं, आणि त्यांच्या क्वार्टर्सजवळ इंग्रजी शाळा होती. नाना कापसाच्या जिनमध्ये फिटर. पूर्वी कधीतरी तिथे यंत्र बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. यंत्रात काय बिघडलंय ते नानांना नेमकं कळलं होतं, पण त्याला सांगता आलं नव्हतं. ते त्यांच्या मनात राहिलं होतं. एवढ्यावरून मी भुसावळला गेले. मला कुणी काही विचारलं नाही. त्या सकाळी मायने माझे केस दोनदा विंचरले, एवढं आठवतं.

मी गेल्यावर तीन वर्षांनी धाकटी झाली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मायच्या पदराआड दडली आणि तिथून मला बघत राहिली. दिवाळीला आणि मे महिन्यात मी यायचे, पंधरा दिवस राहायचे आणि जायचे. मामांची लांब बदली झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मॅट्रिक झालेली, घरी परत आलेली, आणि घरात सगळे जी अहिराणी बोलायचे ती नुसती समजणारी. बोलायला गेले की शब्द घशाशी यायचे आणि तिथेच बसायचे. मग मी पुस्तकातल्यासारखं बोलायचे आणि शेजारच्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

परत आले त्याच आठवड्यात मी मिरच्यांची देठं खुडायला बसले आणि त्याच हाताने डोळा चोळला. धाकटी तेव्हा आठ वर्षांची होती. ती मला हाताला धरून अंगणात घेऊन गेली, माझ्या तळव्यांना तेल चोळलं, मग राख लावून हात धुतले. “पहिले तेल, मंग पानी,” ती मला समजावत होती. दिवसभर माझे डोळे लाल होते. घरी परत आल्याच्या आनंदाने मी रडले, असं गल्लीत पसरलं. मी तसंच राहू दिलं.

मायने पहिल्याच दिवशी मला कपबशीत चहा दिला. घरातले बाकीचे पितळी पेल्यात प्यायचे. दोन वर्षं झाली तरी माझी कपबशी तशीच होती. मला पेला हवा होता. पण तो मागायचा कसा, हे मला सुचलं नाही.

आता त्या दोन शाळांबद्दल सांगते. दोन्ही नगरपालिकेच्याच. एक आमच्या गल्लीच्या टोकाला, बाजारामागे. ती जुनी, कौलारू, सातवीपर्यंत. तिथे धाकटीसकट आमच्या आळीतल्या सगळ्यांची मुलं जायची, शिंप्याची, कासाराची, हमालांची. दुसरी स्टेशनच्या अंगाला, नुकतीच बांधलेली.

त्या अंगाला पूर्वी नुसती मिरचीची पथारी होती. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मैदान; हिवाळाभर ते लालभडक पसरलेलं असायचं. मी लहानपणी आगगाडीतून उतरायचे तेव्हा पहिलं ते मैदान दिसायचं. परत आले तर त्याच्या अर्ध्या भागात घरं उभी राहत होती. तापीकाठच्या गावांतल्या कापूस-केळीवाल्या गुजर मंडळींनी मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घरं बांधायला काढली होती, मिरचीच्या व्यापाऱ्यांनीही काढली होती. लोखंडी फाटक, मोझाइकची फरशी, गच्चीवर टाकी. मिरचीच्या हंगामाला सातपुड्यातून कुटुंबंच्या कुटुंबं उतरून यायची. त्यांची पालं दर वर्षी एकेक शेत पलीकडे सरकत होती. त्यांच्या मुलांनी कोणत्या शाळेत जावं याचा खल कुणाच्या ओसरीत झाल्याचं मी ऐकलं नाही.

नवी शाळा त्या नव्या घरांसाठी होती असं कुणी उघड म्हणत नव्हतं. शाळा नगरपालिकेची, कुणीही अर्ज करावा. पण आमच्या आळीतून एक सोनाराची मुलगी तिथे गेली आणि मग लोकांच्या बोलण्यात “ती शाळा” आणि “आपली शाळा” असे दोन शब्द आले. “त्या शाळेत” इंग्रजी पाचवीपासून होतं, “आपल्या शाळेत” नव्हतंच. “त्या शाळेतून” मुलगी सरळ अकरावीपर्यंत जाऊ शकत होती. “आपल्या शाळेत” सातवीची फायनल झाली की आमच्या आळीतल्या मुली घरी बसायच्या. तेव्हा जुनी शाळा चांगली आणि नवी वाईट, किंवा उलट, असं सरळ काही नव्हतं. म्हणूनच फुईला बोलावलं होतं.

धाकटी रोज मत बदलायची. सोमवारी मैत्रिणी जातील तिथे, मंगळवारी नळ आहे तिथे. नाना सायकलच्या दांडीवर तिला बसवून जिनपर्यंत नेत आणि परत पाठवत, आणि जाताना विचारत, “बोल, आज कोनती शाळा?” ती घंटी एकदा वाजवायची म्हणजे जुनी, दोनदा म्हणजे नवी. गल्लीभर ऐकू यायचं. मी खिडकीतून मोजायचे.

फुई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी सुटी घेतली आणि आम्ही तिघं शाळा बघायला निघालो. आधी जुनी.

चौथीचा वर्ग धाकटीचाच होता, पण आम्ही पाचवीचा बघायला गेलो. तिथल्या बाई पन्नाशीच्या, पायात वहाण नाही, खडूने बोटं पांढरी. त्या गणित शिकवत होत्या. आम्हाला त्यांनी नुसतं मानेने बसा म्हटलं आणि गणित पुढे चालू ठेवलं.

“केळना एक घडमा नऊ फण्या. बकरीनी दोन खाई टाक्यात. मंग कितल्या ऱ्हायन्यात?”

“सात,” वर्ग ओरडला.

“बकरी दोनवर थांबस का बाई?” मागची एक मुलगी म्हणाली. “मन्ही बकरी ते दोरीबी खास.”

“तुन्ही बकरीनं गनित उद्या करूत,” बाई म्हणाल्या. “आज शाळानी बकरी शे. शिकेल शे ती. दोनवर थांबस.”

सगळे हसले. नाना हसले. धाकटी तर अशी हसली की जणू ती त्या वर्गातलीच. मलाही हसू आलं होतं, पण माझ्याकडे हसू यायला जरा वेळ लागतो, आणि तोवर बाकीच्यांचं संपलेलं असतं.

मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तू कोन वं? हिनी बहीन का?”

मी उत्तर जुळवत होते. धाकटीनेच सांगून टाकलं, “हां बाई, मन्ही मोठी बहीन शे. ती बोलत नही.”

“काब्र? मुकी शे का?”

“नही बाई. तिले बठ्ठं येस. पन ईंग्रजीमा येस.”

वर्ग पुन्हा हसला. धाकटीने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. उलट तिला माझा अभिमान वाटत होता. तिने माझा हात धरला होता. मी तो हात सोडवून घेतला आणि पदर सारखा केला.

निघताना बाई नानांना म्हणाल्या, “पोर हुशार शे. पन आठे सातवीलोंगच शे. पुढनं तुम्हीन देखा.” एवढंच. शाळेची तारीफ त्यांनी एका शब्दाने केली नाही.

नवी शाळा दुपारी बघितली. तिच्या खिडक्यांबद्दल सांगायलाच हवं. काचेच्या खिडक्या, हिरवा रंग, आणि सगळ्या एका बाजूला, पथारीकडे. अर्धं मैदान अजून पथारीच होतं. बांधकामाच्या कमिटीत सगळे मिरचीचे व्यापारी होते, आणि त्यांच्यापैकी एकालाही असं वाटलं नव्हतं की वारा सुटला की मिरचीची धस, तो नाकाला झोंबणारा वास, थेट वर्गात येईल. त्यांना तो वासच वाटत नव्हता. जन्मापासून त्यातच वाढलेली माणसं; त्यांना आपली शाळा मोकळ्या हवेत आहे असं मनापासून वाटत होतं. बाहेरगावचे मास्तर पहिल्या हंगामात शिंकून शिंकून हैराण झाले, तेव्हापासून हंगामात खिडक्या बंद. आम्ही गेलो तेव्हाही बंद होत्या. तरी मला फाटकापासूनच शिंका सुरू झाल्या. नानांना नाहीत, धाकटीला नाहीत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, नाक दाबी धर,” आणि पुढे पळाली. पायऱ्या, नळ, काच, सगळं तिने हाताने चाचपून पाहिलं.

मुख्याध्यापक देशावरचे होते. कोट, चष्मा, टेबलावर काचेखाली ठेवलेलं वेळापत्रक. नानांनी टोपी काढून माझ्याकडे बोट दाखवलं, “हाई मन्ही मोठी. ईंग्रजी शाळामा शिकेल शे.” साहेबांनी मला खुर्ची दिली आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. नाना माझ्या मागे उभे राहिले. धाकटी दारात.

मला आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षांत त्या गावात कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं, मी काय म्हणते ते ऐकण्यासाठी थांबत. मी कुठे शिकले, काय वाचलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. मागे वळून धाकटी बघतेय का ते मी पाहिलं. ती बघत होती, तोंड उघडं ठेवून. त्या घटकेला ती मला खरोखर लहान दिसली, आणि ते मला आवडलं.

मग साहेब तिच्याबद्दल बोलले, इंग्रजीतच. जागा आहे, ते म्हणाले. मात्र आधी दुसऱ्या तुकडीत घालू, कारण तिची बोली त्यांनी आत्ता दारातून ऐकली होती. बोलीची सवय मोडावी लागते. “आम्ही मुलांना मारत नाही,” ते म्हणाले. “माझा एक साधा नियम आहे. ज्याच्या तोंडून घरचा शब्द निघेल, त्याने त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत बोलायचं नाही. प्रश्न विचारायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, मधल्या सुटीतही नाही. सहा महिन्यांत मुलं सुधारतात. तुम्ही यातून गेला आहात, तुम्हाला कळेल.”

मला कळलं. आमच्या शाळेत असा नियम लिहिलेला नव्हता, पण मी तो स्वतःच पाळला होता. पहिलं वर्ष मी जवळजवळ काहीच बोलले नाही. चुकण्यापेक्षा ते सोपं होतं. शाळेतलं गप्प राहणं मग घरी आलं, मामींसमोर आलं, मे महिन्यात नंदुरबारला आलं, आणि मग गेलंच नाही. मी लाजरी आहे असं लोक म्हणतात. मी सहा वर्षांची होईपर्यंत लाजरी होते का, हे मायला विचारायला हवं. मी विचारलेलं नाही.

“काय म्हने साहेब?” नानांनी मागून विचारलं.

मी दारातल्या धाकटीकडे पाहिलं. ती एका पायावर उभी होती आणि शिपायाला सांगत होती की तुम्हना नळ गळी ऱ्हायना. शिपाई ऐकत होता. तिचं सगळे ऐकतात.

“जागा आहे म्हणतात,” मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. नानांनी साहेबांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर धाकटीने ठरवून टाकलं. नवी शाळा. नळ, काच आणि ताईसारखं इंग्रजी. घरी पोचायच्या आत गल्लीत तीन घरी सांगून झालं होतं. फुई आधी कुरकुरली, एवढं लांब पोर चालणार कशी म्हणाली, आणि मग तिने मायचं जुनं लुगडं दप्तरासाठी मागून घेतलं. चहाच्या वेळी धाकटी पाटावर पाठ ताठ करून बसली.

“माय, माले पन कपबशीमा दे. मी आते नवी शाळानी शे.”

“मंग हात धुई ये पहिले, नवी शाळानी.”

“मला चहा हवा आहे,” धाकटी नाकातून म्हणाली.

“देखा व माय,” फुई म्हणाली, “पुनानी मडम उनी.”

माय हसता हसता चहा सांडत होती. तिने खरंच दुसरी कपबशी काढली. तोवर ती कपबशी घरात आहे हेही मला माहीत नव्हतं. जे मला वेगळं काढण्यासाठी होतं ते धाकटीच्या हातात खेळणं झालं. माझा चहा निवला.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. “ताई, माले शिकाड ना. शाळा सुरू व्हवाना आधी.”

मी तिला शिकवायला बसले. आणि इथे मी जे केलं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हणाले, आपण एक खेळ खेळू. घरात शुद्ध बोलायचं. “माले”, “तुले”, “शे” असं काही तोंडातून आलं की तासभर गप्प. एक अक्षर नाही. घड्याळ मी बघणार.

“आन तू चुकनी ते?”

“मी चुकत नाही,” मी म्हणाले.

तिला खेळ आवडला. तिला सगळेच खेळ आवडतात. पहिल्या पाच मिनिटांत ती चुकली आणि तोंडावर हात ठेवून भिंतीशी बसली. तासाने सुटली, पुन्हा चुकली, पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आल्यावर तीन तास गप्प होती. मायने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“हाई काब्र बोलत नही? ताप उना का?”

“अभ्यास चाललाय आमचा,” मी सांगितलं.

नाना जिनमधून आले, त्यांनी सायकलची घंटी दोनदा वाजवली. धाकटी दारात गेली आणि नुसतं हसली. नाना तिच्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, मग हातपाय धुवायला गेले. जेवताना चौघं आपापल्या ताटात बघत होते. फुईने रनाळ्याच्या कुणाची तरी गोष्ट सुरू केली आणि अर्ध्यात सोडून दिली. मी मात्र त्या दिवशी पोटभर जेवले. घरात पहिल्यांदाच माझ्याइतकंच कुणीतरी गप्प होतं. मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटलं. मी तिला तोडून बोलत नव्हते, मारत नव्हते. मी फक्त घड्याळ बघत होते.

तिसऱ्या दिवशी ती धावत आली. दारातच दप्तर टाकलं. काहीतरी घडलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते मावत नव्हतं. माय पिठाच्या हातांनी बाहेर आली, “काय व्हयनं?” धाकटीने तोंड उघडलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीशी बसले होते. तिच्या ओठांवर पहिला शब्द आला होता तो तिने तपासला, बदलला, पुढचा शब्द शोधला, तो सापडला नाही. मी हे सगळं तिच्या चेहऱ्यावर बघू शकत होते, कारण ते मला आतून माहीत होतं. माय वाट बघत होती.

“काही नाही,” धाकटी म्हणाली. अगदी शुद्ध.

आणि ती आत जाऊन पाणी प्यायली.

भुसावळला मामी रोज संध्याकाळी मला विचारायच्या, आज शाळेत काय झालं. रोज मी हेच म्हणायचे, याच आवाजात. दहा-अकरा वर्षं. पुढे मामींनी विचारणं सोडलं.

माय पिठाचे हात तसेच घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती आतल्या दाराकडे बघत होती, धाकटी गेली तिकडे. मला वाटलं होतं की धाकटी गप्प झाली की मायचं थोडं लक्ष माझ्या वाट्याला येईल. तसं काही होत नव्हतं. धाकटी बोलली तरी माय तिच्याकडे बघायची, न बोलली तरी तिच्याकडेच बघत होती.

त्याच दुपारी नाना नव्या शाळेचा अर्ज घेऊन आले. जिनमधून तासाची रजा काढून ते आणायला गेले होते. त्यांनी तो ओसरीत माझ्यासमोर ठेवला, दौत आणि टाक ठेवला, आणि कागद उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर अडकित्ता ठेवला. तो त्यांनी आत जाऊन मुद्दाम धुऊन आणला होता, अर्जावर सुपारीचा डाग नको म्हणून.

“तुन्हं अक्षर चांगलं शे,” ते म्हणाले. “तूच लिख.”

फुई दप्तराला शेवटचे टाके घालत होती. माय येऊन उंबऱ्यावर बसली. धाकटी माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली, तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मी तिचं नाव लिहिलं. नानांचं नाव लिहिलं. जन्मतारीख मायने मोजून सांगितली, पोळ्यानंतरचा पाचवा दिवस, आणि नानांनी तिची इंग्रजी तारीख केली.

पुढच्या रकान्याशी माझा हात थांबला. रकाना साधाच होता, पालकांचा धंदा. मला तो माहीत होता. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमत होता.

“काय अडनं?” फुईने विचारलं.

मी गप्प राहिले असते तर कुणाला काहीच कळलं नसतं. धाकटी सहा महिन्यांत सुधारली असती. तिला चांगलं इंग्रजी आलं असतं, ती अकरावीपर्यंत गेली असती, आणि एखाद्या दिवशी आम्ही दोघी या ओसरीत सारख्याच बसलो असतो. नाना लोकांना अभिमानाने सांगत फिरले असते, मन्ह्या दोन्ही आंडेरी, दोन्ही मुली शिकलेल्या. मला ते चित्र इतकं स्पष्ट दिसत होतं, आणि मला ते हवं होतं. आजही, पाच-सहा वर्षांनी, ते मला नकोच होतं असं मी म्हणू शकत नाही.

आणि सांगितलं तर काय होईल तेही दिसत होतं. जुनी शाळा, सातवीची फायनल, आणि मग कदाचित घर. याचा दोषही माझ्याच माथी आला असता. मला अहिराणीत वाक्य जुळवायला वेळ लागत होता म्हणून मी जुळवलं नाही. टाक दौतीवर आडवा ठेवला. धाकटीकडे पाहिलं नाही, मायकडेही नाही. नानांच्या पायांकडे बघत, मला येतं त्याच भाषेत मी म्हणाले,

“नाना, साहेब त्या दिवशी आणखीही बोलले होते. त्या शाळेत घरचा एक शब्द तोंडून आला तर हिला दिवसभर बोलू देणार नाहीत. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण हिचंही माझ्यासारखंच व्हावं असं मला वाटत होतं.”